काडीपैलवानाचं पोट

लग्नाच्या जाहिराती लक्ष देऊन वाचल्या की एक गंमत ध्यानात येते. मुलगी हवी असते तेव्हा सडपातळ, सुडौल, मध्यम बांधा, नाकीडोळी नीटस असा सगळा तपशील मागितलेला असतो. मुलाच्या बाबतीत उंची सांगितली की शरीराचा विषय संपतो आणि पॅकेज सुरू होतं. पाच फूट सात इंच, बीई, निर्व्यसनी, पुण्यात स्वतःचा टू बीएचके. त्या पाच फूट सात इंचांच्या मधोमध काय वाढून ठेवलंय, याबद्दल चकार शब्द नसतो. मुलीचे वडील फ्लॅटचा कार्पेट एरिया खोदून खोदून विचारतात. जावयाचा विचारत नाहीत.

विचारला असता तरी उत्तर तयार आहे. मराठी पुरुषाच्या शरीराची कारणमीमांसा तीन वाक्यांत आटोपते. बारीक असेल तर ‘किती खाल्लं तरी अंगी लागत नाही.’ जाड असेल तर ‘आमच्या घराण्याचं हाडच जड.’ आणि हातपाय बारीक असून पोट तेवढं पुढं आलेलं असेल, म्हणजे बहुसंख्यांचं असतं तसं असेल, तर ‘लग्नानंतर जरा सुटलंय.’ हे तिसरं वाक्य बोलताना बायकोकडे अशा नजरेनं पाहायचं, की ते पोट जणू तिनंच माहेराहून रुखवतात आणलं होतं.

या पोटाची खरी माहिती एकाच माणसाला असते, ती म्हणजे शिंप्याला. तो टेप घेऊन पुढं आला की गिऱ्हाईक आपोआप श्वास आत ओढतं. मुरलेला शिंपी त्यावर काही बोलत नाही. तो आधी बाही मोजतो, मग खांदा मोजतो, वहीत काहीतरी खरडतो, मुलगा यंदा कितवीला म्हणून चौकशी करतो. गिऱ्हाईक मुलाच्या टक्क्यांबद्दल सांगायला तोंड उघडतं आणि श्वास सुटतो. तेवढ्यात कमरेवरून टेप फिरवून शिंपी मोकळा. ‘आत दोन इंच माया सोडतो साहेब, पुढं लागेल,’ असं तो वर सांगतो. शिंप्याचं भविष्य सहसा चुकत नाही.

पट्टा बांधणाऱ्यांचे आपल्याकडे दोन पंथ आहेत. पहिला दोंदावरून बांधणारा. यात निवृत्त मंडळी जास्त. पँट बरगड्यांपर्यंत पोचलेली, आणि शर्टाला उरेल तेवढी जागा. दुसरा दोंदाखालून बांधणारा. यांची पँट सदैव घसरत असते आणि ती वर ओढणं हाच यांचा दिवसातला मुख्य व्यायाम. पण या पंथाची एक सोय आहे. कॉलेजात असताना कंबर ३२ होती, ती पन्नाशीतही ३२च राहते. कंबर वाढली नाही, फक्त तिचा मुक्काम खाली हलला. डॉक्टर लोक मात्र हे स्थलांतर मानत नाहीत. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ते टेप धरतात. आपल्याकडच्या पुरुषासाठी तिथं ९० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, ही धोक्याची रेघ आहे. युरोपातल्या पुरुषाला ९४ सेंटीमीटरपर्यंत सूट. साहेबाला आपल्यापेक्षा चार सेंटीमीटर जास्त खायची परवानगी कुणी दिली, असा स्वाभिमानी प्रश्न कुणालाही पडेल.

उत्तरासाठी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक फोटो पाहावा. त्यात दोन डॉक्टर आहेत. एक इंग्लंडचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. अंगकाठी साधारण सारखीच. दोघांचा बॉडी मास इंडेक्सही सारखाच, २२.३. विमा कंपनीनं डोळे झाकून पॉलिसी द्यावी असा आकडा. मग दोघांच्या अंगातली चरबी यंत्रानं मोजली. युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. फोटोखालच्या मजकुरात या जोडीनं त्याचा खुलासाही केला आहे. युडकिन मॅरेथॉन धावतात. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत तिथवर धावत पोचणं. पुणेकरानं भर चौकात विनोद करावा आणि तो स्वतःवर करावा, हा योग दुर्मीळ आहे. त्यासाठी ‘लॅन्सेट’चा तो अंक जपून ठेवायला हवा.

त्या फोटोनं बॉडी मास इंडेक्सची मात्र चांगलीच पंचाईत केली. हा आकडा मुळात वैद्यांचा नव्हेच. तो काढला बेल्जियमच्या आडोल्फ केटले या खगोलशास्त्रज्ञानं, १८३०च्या दशकात. आकाशातले ग्रह मोजून झाल्यावर त्यानं जमिनीवरची माणसं मोजायला घेतली, आणि स्कॉटलंडच्या पाच हजारांहून जास्त सैनिकांच्या छातीच्या मापांवरून सरासरी छाती काढली. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं गणित त्याचंच. पुढं १९७२ साली अमेरिकेच्या अन्सेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं. या गणिताला वजन किती ते कळतं, कशाचं ते कळत नाही. म्हणून तालमीतला दणकट पहिलवान त्याच्या लेखी लठ्ठ ठरतो आणि लिफ्टमागे धावणारा सडपातळ गृहस्थ ठणठणीत.

फोटोखालच्या मजकुरात आणखी एक गोष्ट जाता जाता नोंदवली आहे: जन्माला आले तेव्हा याज्ञिकांचं वजन कमी होतं. पहिल्या वाचनात या वाक्यावरून नजर घसरते. माणूस मोठा होऊन नामांकित डॉक्टर झाला, आता जन्मावेळचं वजन कशाला उगाळायचं? पण खरी मेख तिथंच आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांच्या खाण्यापिण्याची, कष्टांची आणि पुढं त्यांच्या बाळांची मापं घेतली. बाळांचं सरासरी वजन निघालं २.७ किलो. इंग्लंडात साउदम्प्टनला जन्मलेल्या बाळांचं होतं ३.५ किलो. आपलं बाळ आठशे ग्रॅमनं हलकं, इथवर आश्चर्य नाही. पण हे आठशे ग्रॅम नेमके कुठून कापले गेले, ते त्यांनी बारकाईनं पाहिलं. दंड बारीक, मांस कमी, पोटातले अवयव लहान. चरबी मात्र जवळजवळ शाबूत. पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली कातडीची चिमट धरून मोजली तेव्हा तिथली चरबी गोऱ्या बाळांपेक्षा थोडीच कमी निघाली. आईच्या पोटात पोषण अपुरं पडायला लागलं की गर्भ मेंदू सांभाळतो, अडीअडचणीला चरबी शिल्लक ठेवतो आणि कात्री लावतो ती मांसपेशींना. म्हणजे आपला पुरुष जन्मतःच हडकुळाही असतो आणि चरबीवालाही. लग्नाचा यात काही संबंध नाही. बारसंसुद्धा अजून व्हायचं असतं.

बारशाला जमलेल्या बायका बाळाची वाटणी करतात, ती पाहण्यासारखी असते. नाक आत्याचं, जिवणी मावशीची, कपाळ आजोबांचं, कान थेट पणजोबांचे. रंगावरून दोन्ही व्याह्यांकडच्यांत थोडी चकमक होते आणि ‘अजून लहान आहे, बदलेल’ यावर तह होतो. पाळण्यात पाय हलवणाऱ्या त्या जिवाचं पोट कुणाचं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते आईच्या ताटातून आलेलं असतं, आणि त्या ताटात काय होतं हे बारशाला आलेल्या प्रत्येकीला ठाऊक असतं.

गावातल्या त्या बायका गरोदरपणातही शेतात राबत होत्या, पाणी आणत होत्या, घरचं उरकत होत्या. ज्यांच्या जेवणात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा असायची, त्यांची बाळं अंगानं मोठी निघाली. शोध इतकाच. यात हिमालयातली जडीबुटी नाही, परदेशी पावडर नाही. मेथी आणि पेरू आहे. बहुतेक जणींच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्वही कमी होतं. ते मिळतं दुधातून, अंड्यांतून, मटणमाशांतून, आणि घरात या वस्तूंची वाटणी कशी होते ते निराळं सांगायला नको. दूध नवऱ्याला आणि मुलाला, साय सासऱ्यांना, राहिलेल्याचा चहा, त्यातला उरलेला तिला.

हिशेब आईपाशी थांबत नाही. स्त्रीची सगळी बीजांडं ती स्वतः आईच्या गर्भात असतानाच तयार होतात. याचा अर्थ तुम्ही ज्या बीजांडातून जन्मलात, ते तयार झालं तुमच्या आजीच्या पोटात. आणि आजी बसायची शेवटच्या पंगतीला. पुरुष उठले, मुलं उठली, आलागेला उठला, की मग ती पाट ओढायची. तोवर भाजी संपलेली. पातेल्याच्या कडेला चिकटलेला रस्सा ती भाकरीच्या तुकड्यानं निपटून घ्यायची आणि ‘मला एवढं पुरतं’ म्हणायची. तिचा नातू आज आरशासमोर उभा राहून दंड दाखवतो आणि दंड दिसत नाही म्हणून ट्रेनर बदलतो. शरीराचा सातबारा त्याच्या नावावर असतो खरा, पण फेरफाराच्या नोंदी काढल्या तर वर आजीचं नाव, मग आईचं नाव, आणि या गृहस्थाचा उल्लेख थेट शेवटी, कसणार म्हणून.

पुरुषांना हा मुद्दा सहसा रुचत नाही. त्यांच्या मते पुरुषाचं शरीर पुरुषी हार्मोनवर चालतं, आणि ते हार्मोन आपल्याकडे मुबलक आहे याबद्दल प्रत्येकाची खात्री असते. तेव्हा त्या हार्मोनचाही समाचार घेऊ.

१८४९ साली ग्योटिंगेनच्या आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी काही कोंबड्यांचे वृषण काढून टाकले. कोंबड्यांचे तुरे सुकले, आरवणं मंदावलं, मारामाऱ्या थांबल्या, शेजारणींमधला रस आटला. मग काहींच्या पोटात वृषण पुन्हा रोवून ठेवले. कुठलीही मूळची नस जोडलेली नसताना तुरे लालबुंद झाले आणि भांडणं पूर्ववत सुरू झाली. रक्तातून काहीतरी वाहत जातं आणि नराला नर बनवतं, हे तिथं दिसलं. चाळीस वर्षांनी, १८८९ मध्ये, पॅरिसच्या विद्वत्सभेत ब्राउन-सेकार नावाचे ७२ वर्षांचे मान्यवर शास्त्रज्ञ उभे राहिले. कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला, आता जिने तरुणासारखे धावत चढतो आणि लघवीची धारही पूर्वीपेक्षा लांब जाते, असं त्यांनी जाहीर केलं. धार मोजली होती, हे विशेष. पुढं कळलं ते असं, की वृषणांत हे हार्मोन साठवलेलं नसतं आणि पाण्यात धड विरघळतही नाही. त्या अर्कात ते नावापुरतंच असणार. म्हातारबुवांना जे चढलं ते मनानं चढलं. पण धंद्याची दिशा त्यांनी कायमची दाखवून दिली. रेल्वे रुळांच्या कडेच्या भिंतींवर चुन्यानं रंगवलेल्या ज्या जाहिराती वाचत आपण लहानाचे मोठे झालो, त्यांचे मूळपुरुष हेच.

खरं टेस्टोस्टेरॉन १९३५ साली हाती लागलं आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत बनवताही आलं. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो, खांदे रुंदावतात, मिसरूड फुटतं, मांस धरतं, ही सगळी त्याची कृपा. पण त्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. ते झोपेत तयार होतं आणि तरुणाच्या रक्तात सकाळी सर्वाधिक असतं, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा मराठी पुरुष लोकलच्या दारात एका पायावर उभा असतो. २०११ साली शिकागो विद्यापीठात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज फक्त पाच तास झोपू दिलं. त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. बदलापूरहून रोज चर्चगेट गाठणाऱ्याला हा प्रयोग करायला शिकागोला जायची गरज नाही. तो वर्षानुवर्षं हाच प्रयोग पास काढून करतो आहे.

त्याच वर्षी फिलिपिन्समधल्या सेबू शहरातून आणखी एक बातमी आली. सहाशेहून जास्त तरुणांचं हार्मोन आधी मोजलं आणि काही वर्षांनी पुन्हा मोजलं. ज्यांचं आधी भरपूर होतं, त्यांना जोडीदार मिळून ते बाप होण्याची शक्यता जास्त. आणि बाप झाल्यावर ते चांगलंच उतरलं. जे बाप रोज तीन-चार तास लेकराचं करायचे, त्यांचं सर्वांत कमी. ही माहिती कानावर पडल्यापासून आमच्या सोसायटीतल्या एका नव्या बापानं दुपटी धुणं बंद केलं आहे. पौरुषाला धक्का लागतो म्हणे. त्याच्या बायकोनं अभ्यास पुढं वाचला. असे बाप कमी भांडतात आणि मुलांत जास्त रमतात, असा निसर्गाचा डाव त्यात दिसतो. दुपटी आता पुन्हा त्याच्याकडे आहेत.

पोटाचं आणि या हार्मोनचं नातं तर सासू-सुनेहून गुंतागुंतीचं. चरबीच्या पेशींत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं. ते टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे ज्याला आपण बायकी हार्मोन म्हणतो त्यात, करत बसतं. दोंद जितकं मोठं, तितकं हे काम जोरात. त्यात वरिष्ठांचा फोन, गृहकर्जाचा हप्ता आणि वाकडच्या चौकातला खोळंबा यांनी कॉर्टिसॉल वाढतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की हातापायांचं मांस झिजतं आणि चरबी पोटावर जमते. म्हणजे मिशांना पीळ देत ज्या पोटावरून आपण हात फिरवतो, ते पोट आतून मिशीच्या विरोधात काम करत असतं.

म्हणून इस्ट्रोजेनला नावं ठेवावीत, तर तीही सोय नाही. मुलग्यांची उंची योग्य वेळी थांबवणारं आणि हाडं पक्की करणारं हार्मोन तेच. १९९४ साली एका २८ वर्षांच्या अमेरिकन पुरुषाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनची कमतरता नव्हती, पण इस्ट्रोजेनची आज्ञा ऐकणारी यंत्रणा जन्मतःच बिघडलेली होती. गडी २०४ सेंटीमीटर उंच, हाडं ठिसूळ, आणि त्या वयातही वाढतच होता. जाहिरातीतला तो पाच फूट सात इंचाचा आकडा, ज्याच्यावर वराचं सगळं पौरुष तोललेलं असतं, त्यावर शेवटची सही बायकी हार्मोनची असते.

आणि आकडा येतो कुठून? ‘आम्ही बुटकेच, रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांनी हॉलंडकडे पाहावं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डच पुरुष सरासरी १६५ सेंटीमीटरच्या आसपास होते, म्हणजे जवळपास आपल्याएवढेच, आणि युरोपातल्या बुटक्यांत त्यांची गणना व्हायची. मग पाणी स्वच्छ झालं, पोरांचे आजार कमी झाले, दूधदुभतं गरिबाच्या घरातही पोचलं. आज तेच जगात सर्वांत उंच आहेत. १९८० साली जन्मलेले डच पुरुष सरासरी १८३.९ सेंटीमीटर भरले. एवढ्या थोड्या पिढ्यांत रक्त बदलत नाही, ताट बदलतं. मात्र २००१ साली जन्मलेले १८२.९वर आले आहेत. एक सेंटीमीटर घटला म्हणून तिकडे चिंता चालली आहे. आपल्याकडे एवढा फरक बुटाच्या टाचेत सहज मिटवतात.

आपल्या ताटाचं म्हणाल तर ते भरलेलं असतं, फक्त पांढरं असतं. निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं आपल्याच राष्ट्रीय पोषण संस्थेचं सांगणं आहे. ६५ किलोच्या गड्याला ५४ ग्रॅम झाली. आता दिवस मोजायला घ्या. सकाळी पोहे, दुपारी भातावर पातळ वरणाचा ओघळ आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडापाव, म्हणजे पुन्हा बटाटाच, यावेळी पावात. वारानुसार उपास आला की साबुदाणा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. खिचडीची अब्रू राखतं ते दाण्याचं कूट. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, पण सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण आणि ‘आज घरी आई आलीय’ हे दिवस वगळले तर त्या अंड्याला वर्षात फारसे मुहूर्त उरत नाहीत.

ही तूट भरून काढायला तरुण जिममध्ये जातो. तिथं चारही भिंतींना आरसे असतात, त्यामुळे पैसे एकाचे भरून चार जण दिसतात. मुलं छाती आणि दंड घुमवतात. ‘पाय उद्या’ म्हणतात. उद्या पुन्हा छाती. वर वाढलेला आणि खाली होता तसाच राहिलेला असा तो गडी तयार होतो. इथवर ठीक आहे. वजन उचललं आणि डाळ-अंडी-दूध खाल्लं की मांस धरतंच, हडकुळं जन्मलेल्याचंही धरतं. घोटाळा होतो तो घाई झाल्यावर. लग्न सहा महिन्यांवर आलेलं, शेरवानी घट्ट शिवायची, आणि कुणीतरी कानात सांगतं, ‘एक कोर्स मार.’ बाहेरून टोचलेलं हार्मोन रक्तात दिसलं की मेंदू म्हणतो, माल तर भरपूर आहे, आता कशाला बनवायचा? तो वृषणांना निरोप पाठवणं बंद करतो. ते बसल्याबसल्या आकसतात, शुक्रजंतूंची पैदास मंदावते. जादा झालेल्या मालाचं ते मघाचं एन्झाइम इस्ट्रोजेन करून टाकतं आणि छाती वाढते, पण जशी वाढवायची होती तशी नव्हे. मर्द दिसण्यासाठी पैसे मोजून नेमकं तेच गमावायचं, हा व्यवहार एरवी भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीसाठी हुज्जत घालणारा माणूस कसा करतो, कळत नाही.

त्यापेक्षा कोल्हापूरच्या तालमी परवडल्या. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागचं मैदान १९१२ साली उभं राहिलं. हौद्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळायचे. पहाटे उठून जोर-बैठका, मग लढती, मग खुराक: दूध, तूप, बदाम वाटून केलेली थंडाई. आणि मुख्य म्हणजे वस्तादाच्या धाकानं रात्री लवकर झोप. शिकागोच्या प्राध्यापकांनी जे २०११ साली सांगितलं ते वस्ताद चापट मारून सांगायचा. या व्यवस्थेत एकच खोट. तालीम सुटली की जोर सुटायचे, खुराक सुटायचा नाही. उतारवयात चौकातल्या पानपट्टीशी बसलेला जुना पहिलवान ओळखायचा तो मोडलेल्या कानांवरून. बाकी सगळं मांडीवर ओघळलेलं.

तरी बांधा म्हणजे आकार नव्हे, हे याच मातीनं दाखवलं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकमध्ये उतरले ते ५७ किलोच्या गटात, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक घेऊन आले. सत्तावन्न किलो! आज एवढ्या वजनाचा भाचा सुटीत घरी आला तर मावशी दारातच विचारते, ‘मेसचं जेवण बरं नाही का रे?’

तेव्हा पुढच्या पिढीच्या मुलग्यांचे दंड भरावेत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी डंबेल्स विकत घेण्याआधी घरातल्या मुलींच्या ताटात डोकावून पाहावं. दूध भावाला आणि चहा बहिणीला ही वाटणी मोडावी. तिच्या नातवापर्यंत ते दूध पोचणार आहे. कार्यप्रसंगी पहिल्या पंगतीला बायकांना बसवावं आणि वाढण्यासाठी पुरुषांनी कंबर कसावी. निदान ती नेमकी कुठं आहे, हे तरी त्या निमित्तानं कळेल. प्रत्येक पानापुढं वाकून भाजी, कोशिंबीर, भात, त्यावर वरण, त्यावर तूप, पुन्हा भाजी आणि आग्रहाची जिलबी अशा चार फेऱ्या मारल्या की वस्ताद सांगेल त्याहून जास्त बैठका होतात, आणि फी लागत नाही. फक्त पंगत उठल्यावर परातीत उरलेल्या जिलब्या कुणी संपवायच्या, ते आधीच ठरवून ठेवावं.